निरंक आणि कोरं

आमच्या कार्यालयात शून्य कुणी लिहीत नाही, 'निरंक' लिहितात. तक्रारी निरंक, रजा निरंक, सापळ्यात आढळलेले पतंग निरंक. शून्याच्या आधी कुणी एक टाकला की त्याचे दहा होतात, निरंकात काही घुसवता येत नाही, असं जुने कारकून सांगायचे. मी पंचवीस वर्षं हा शब्द लिहीत आलो. त्याचा अर्थ मला एका फुलं विकणाऱ्या बाईमुळे कळला, आणि तिच्यावर फुलं विकायची पाळी माझ्यामुळे आली. हे मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा मागच्या वर्षीच सांगितलं.

मी राहतो अमरावतीला आणि नोकरी अकोल्याला. सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरायची, संध्याकाळी परत. काम कपाशीवरच्या किडींच्या सर्वेक्षणाचं. बोंडअळीचे पतंग पकडायला शेतात कामगंध सापळे लावतात. आमचे सर्वेक्षक गावोगाव जाऊन त्यांतले पतंग मोजतात, वहीत लिहितात, आणि दर आठवड्याचे आकडे माझ्या संगणकात येतात. वहीत निरंक असेल तिथं मी शून्य भरायचो. जिथं कुणी गेलंच नाही तो रकाना कोरा सोडायचो. हा नियम मीच घालून दिला होता, हे आधीच सांगून ठेवतो.

गावं उभी आणि आठवडे आडवे, अशी ती सारणी होई. शंभर घरांत पंधरा-वीस भरलेली, बाकी कोरी, कारण प्रत्येक सापळ्यावर दर आठवड्याला जाणं बहुतेकांना जमत नाही. अशा सारणीला आमच्या भाषेत विरळ म्हणतात. संगणक तिच्यातली कोरी घरं साठवतच नाही. भरलेल्या घरांचीच यादी ठेवतो: अमुक ओळ, अमुक रकाना, अमुक आकडा. कुणी शून्य भरलं असेल तर तेही त्या यादीत असतंच.

या यादीचं चित्र काढायला मी एक लायब्ररी वापरायचो. लायब्ररी म्हणजे तयार अवजारांची पेटी समजा. जगभरातली हौशी माणसं ती फुकट बनवतात, कुणीही दुरुस्ती सुचवू शकतं. हुकूम दिला की यादीतल्या प्रत्येक घराला एक काळं टिंब पडे. दर हंगामाच्या शेवटी मी तो मोठा कागद छापून बैठकीच्या खोलीत लावायचो. आमचा शिपाई म्हणायचा, "सर, वारूळ फुटलं जनू कागदावर! मुंग्याच मुंग्या."

त्या लायब्ररीच्या पानावर एका परदेशी माणसाची तक्रार पडून होती. एकच सारणी साध्या पद्धतीनं ठेवली तर टिंबं कमी येतात, विरळ पद्धतीनं ठेवली तर जास्त, असं कसं? कारण मला लगेच कळलं. साध्या पद्धतीत शून्याला टिंब नव्हतं, विरळ पद्धतीत यादीतल्या शून्यालाही पडत होतं. मी चार ओळींची दुरुस्ती लिहिली: चित्र काढण्याआधी यादीतली शून्यं गाळून टाका. ती स्वीकारली गेली. सहभागी झालेल्यांच्या यादीत माझं नाव आलं. अकोल्याच्या एका कोपऱ्यात बसणाऱ्या माणसाचं काम जगभर चालणार होतं. मी ऑफिसात कचोऱ्या वाटल्या. नवी आवृत्ती निघाली तेव्हा आमच्या मशीनवर ती मीच कौतुकानं चढवली.

गाळून टाकलेली शून्यं कुणाची होती, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

तेल्हाऱ्याकडची गावं एका सर्वेक्षक बाईंकडे होती. पस्तिशीच्या आतबाहेरच्या, कंत्राटावर. स्कूटीवर हिंडायच्या, तोंडाला ओढणी बांधून, डिकीत वही. नुसते पतंग मोजून त्या थांबत नसत. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची उरलेली झाडं, उपटून टाका, उभ्या ठेवल्या तर त्यात अळी राहते, हे त्या शेतकऱ्यांच्या इतक्या मागे लागून सांगायच्या की लोक त्यांना पाहून म्हणत, "आली बाप्पा पऱ्हाटीवाली." पण उपटायचे. त्या हंगामात त्यांच्या गावांत पतंग जवळजवळ नव्हतेच. आठवड्यामागून आठवडे त्यांनी वहीत निरंक लिहिलं होतं.

हंगाम संपला. नव्या आवृत्तीनं काढलेला कागद मी छापला, न पाहता गुंडाळला आणि सोमवारच्या बैठकीत भिंतीवर लावला.

साहेब पुण्याकडून बदलून आलेले होते. ते कागदाजवळ गेले आणि तेल्हाऱ्याच्या ओळींवर बोट ठेवलं. बाकीच्या ओळींत कमीजास्त टिंबं होती. तिथं पांढरा पट्टा होता.

"हे काय आहे? या बाई शेतात जातात की नाही?"

मागून कुणीतरी म्हणालं, "खाडेच खाडे हायेत की साहेब!" सगळे हसले. कपाशीच्या ओळीत बी उगवलं नाही की मोकळी जागा राहते, तिला आमच्याकडे खाडा म्हणतात. कामावर न येण्यालाही खाडाच म्हणतात. विनोद चांगला जमला होता. मीही हसलो.

नक्की कधी कळलं, याबद्दल मी स्वतःशीच पुष्कळ खोटं बोललो आहे. आठ दिवसांनी कळलं, महिन्यानं फाइल उघडली तेव्हा कळलं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण मला तिथंच कळलं होतं. साहेबांचं बोट पांढऱ्या पट्ट्यावर होतं आणि हसत असतानाच मला माझ्या त्या चार ओळी आठवल्या. फाइलीत शून्यं जशीच्या तशी होती, फक्त चित्रात नव्हती. "साहेब, चित्र चुकलंय, बाई गेल्या होत्या," एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण मग कुणीतरी विचारलं असतं, चित्र कुणी बिघडवलं? आणि मी दोनच महिन्यांपूर्वी कचोऱ्या वाटल्या होत्या.

एवढ्याशा लाजेपायी मी गप्प बसलो. लोभ नव्हता, वैर नव्हतं. असतं तर निदान सांगायला काही कारण तरी मिळालं असतं.

कुणीतरी मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढून सगळ्या सर्वेक्षकांच्या ग्रुपवर टाकला. बाईंचं कंत्राट पुढे वाढलं नाही.

त्या एकदा ऑफिसात आल्या, प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्या वह्या घेऊन. साहेबांनी भेट दिली नाही, म्हणून माझ्या टेबलाशी आल्या.

"पाहा ना सर. निरंक, निरंक, निरंक. सगळं लिवेल हाये. पऱ्हाट्या उपटाले लावल्या मी, म्हणूनच तं पतंग नवते."

मी पानं उलटली. प्रत्येक पानावर गाव, तारीख, शेतकऱ्याची सही.

"ठेवून जा," मी म्हणालो. "बघतो."

"नक्की पाहजा सर. तुमचंच आयकते इथं."

मी वह्या कपाटात ठेवल्या. दोन वर्षांनी आमचं कार्यालय दुसऱ्या इमारतीत हललं तेव्हा कपाट रिकामं करायला सांगितलं गेलं, आणि जुन्या कागदांच्या ढिगाबरोबर त्या रद्दीत गेल्या. गेल्या म्हणतोय. मीच दिल्या. पिशवी ओळखली होती.

मागच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी अकोल्याच्या बाजारात मी झेंडू घ्यायला थांबलो. ढिगामागून आवाज आला, "सर! वळखलं का?"

मी ओळखलं. म्हणालो, "कशा आहात?"

"बरी हावो. सासरचा मळा हाये फुलाचा. बसतो इथं सणासुदीले." त्यांनी तराजूत झेंडू घातला आणि वर दोन मुठी जास्त टाकल्या. मग आवाज खाली आणला. "सर, एक इचारू काय? माह्या वह्या हायेत ना तुमच्यापाशी?"

"कशाला हव्यात आता?"

"पोरगी मोठी झाली. तिले कोनी सांगतलं, तुही माय कामाचं नाव सांगून भलतीकडेच फिरे. तो फोटो अजून हाये लोकायच्या मोबाइलात. घरचे बी तवापासून तेच म्हनते. बाई रोज गाडी घेऊन जाये, अन् सापळ्यावर तं गेलीच नाई. मंग जाये कुठी?"

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. इतकी वर्षं मी समजत होतो की मी तिची नोकरी घालवली. नोकरीचं दुःख करून करून मी ते जवळजवळ पचवलं होतं. ती सकाळी घरातून निघून कुठे जात होती, हा प्रश्न मी तिच्या अंगणात टाकून आलोय, हे मला माहीतच नव्हतं. एका पांढऱ्या पट्ट्याचा असाही अर्थ होतो, हे कळायला बाई असावं लागतं, किंवा तेल्हाऱ्याला राहावं लागतं.

"वह्या... शोधतो," मी म्हणालो. पुन्हा तेच.

बडनेऱ्यापर्यंत मी गाडीत बसून होतो की उभा, आठवत नाही. फुलं गाडीतच विसरलो.

दुसऱ्या दिवशी दाराला तोरण नव्हतं. बायको म्हणाली, "फुलं आनतो म्हने! काय झालं हो तुमाले? तोंड पाहा कसं झालं." तेव्हा मी तिला सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती भाजी निवडत होती. हात थांबला नाही तिचा. सगळं ऐकून म्हणाली, "अन् हसले तुमी?"

"हो."

"हसले," ती पुन्हा म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

वह्या नव्हत्या. फाइल होती. मी ठरवलं, तोच कागद पुन्हा काढायचा, त्याच लायब्ररीतून, त्याच हुकुमानं, पण निरंकाच्या टिंबांसकट. ज्या चित्रानं ती खोटी ठरली त्याच चित्रानं खरी ठरली पाहिजे. म्हणून आधी लायब्ररी दुरुस्त करायची.

हे ऐकायला फार उदात्त वाटतं. खरं असं आहे की शून्यांची यादी छापून, खाली सही करून, मी दुसऱ्याच दिवशी तेल्हाऱ्याला जाऊ शकलो असतो. जुनी आवृत्ती चढवली असती तर तासाभरात चित्रही निघालं असतं. मी दुरुस्तीच्या आड लपलो. काम चालू आहे तोवर तिच्यासमोर जायला नको, असा हिशेब होता.

आणि काम निघेना. माझी जुनी दुरुस्ती नुसती उलटवली तर त्या परदेशी माणसाची तक्रार परत उभी राहत होती, आणि तीही गणितानं बरोबर होती. म्हणून मूळ वागणं तसंच ठेवून, 'साठवलेलं प्रत्येक घर दाखव' असा वेगळा पर्याय द्यायला हवा होता. तो दिला तर टिंबांच्या चित्रात शून्यं आली, पण त्याच पेटीतल्या दुसऱ्या, चौकटींच्या चित्रात येईनात. तिथं लायब्ररी आधी सारणीची कोरी घरंही शून्यांनी भरून टाकत होती. एकदा तसं झालं की गेलेली बाई आणि न गेलेली बाई यांत फरक उरत नाही. हे वाक्य मी पडद्याकडे बघत मोठ्यानं म्हणालो आणि गाडीत समोर बसलेला माणूस दचकला.

रविवारची दुपार, पंखा बंद, घामानं कीबोर्ड ओला. एक चाचणी पास झाली की दुसऱ्या तीन कोसळायच्या. दिवाळी गेली. दुरुस्ती पाठवली, तर लायब्ररीच्या तपासणाऱ्यांचं उत्तर येईना. रोज सकाळी गाडीत बसलो की आधी ते पान उघडायचं, आणि तिथं काही नसायचं. एकदा वाटलं, मूर्तिजापूरला उतरावं आणि कुठल्या तरी उलट्या गाडीत बसून जावं, ऑफिस नको, घर नको. उतरलो नाही. उतरायलाही हिंमत लागते.

बायको एवढंच म्हणे, "झाले का टिंबं मोजून? तिची पोरगी तवापर्यंत सासरी जाईन."

शेवटी एका तपासणाऱ्यानं लिहिलं. सभ्य, थोडक्यात. दुरुस्ती ठीक दिसते, पण याची गरज काय? शून्य मुद्दाम कोण साठवून ठेवतं?

मी दोन दिवस उत्तर लिहून खोडत होतो. मग सगळं लिहून टाकलं. आमच्याकडे एक शब्द आहे. तो लिहिणारा त्या जागी जाऊन आलेला असतो. मी चार ओळी लिहून एका बाईचं सबंध हंगामाचं जाणं-येणं पुसलं, मला ते त्याच क्षणी माहीत होतं, आणि मी गप्प राहिलो. परक्या भाषेत, कधी न पाहिलेल्या माणसांसमोर ते लिहिणं सोपं गेलं, याचीही मला लाज वाटली.

त्यानं उत्तरात एकच ओळ लिहिली: कारण पटलं. थोड्या दिवसांत दुरुस्ती स्वीकारली गेली. सहभागाच्या यादीत माझं नाव पुन्हा आलं. या वेळी कचोऱ्या नाहीत.

मी कागद छापला. तेल्हाऱ्याच्या ओळी बाकी सगळ्यांपेक्षा दाट होत्या. मुंग्याच मुंग्या.

अकोल्याहून अकोट, अकोटहून तेल्हारा, गुंडाळी मांडीवर धरून एस.टी.नं गेलो. अंगणात बाई झेंडूची फुलं निवडत होत्या. त्यांचे मालक बाजेवर बसले होते. मी येण्याचं कारण सांगितलं तसे ते म्हणाले, "आता काय दाखवता साहेब? आमी पाहेल हाये तो फोटो. साऱ्या गावानं पाहेल हाये."

मी कागद बाजेवर पसरला. चार कोपऱ्यांना बाईंनी फुलांच्या टोपल्या ठेवल्या. मी समजावून सांगितलं: प्रत्येक टिंब म्हणजे त्या आठवड्यात त्या गावाला गेल्याची नोंद. फोटोतली पांढरी जागा माझ्या चुकीची होती. वह्या माझ्या हातून रद्दीत गेल्या. मालक वाकून बघत राहिले, मग बोटानं एकेका ओळीवरून गेले.

बाई मात्र टिंबांकडे बघतच नव्हत्या. त्या पांढरं शोधत होत्या. त्यांच्या सगळ्याच ओळींत मधेच दोन आठवड्यांची घरं कोरी होती, तिथं त्यांचं बोट थांबलं.

"हे बराबर हाये. हे दोन हप्ते मी गेलीच नवती. पोरगी तापानं फणफणून रायली होती. वहीत कोरंच ठेवलं होतं मी, निरंक नवतं लिवलं." त्या मालकांकडे वळल्या. "आठवते का तुमाले? तुमीच म्हनलं होतं, लिहून टाक ना निरंक, कोन पाहाले येते!"

मालकांनी मान खाली घातली. "म्हनलो होतो," ते म्हणाले.

मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सर, तुमाले कधी समजलं हे?"

या प्रश्नासाठीच मी इतके महिने लपलो होतो. "तेव्हाच," मी म्हणालो. "बैठकीतच."

"मंग काहून नाई बोलले?"

मी कारण सांगितलं. कचोऱ्यांसकट. उन्हात उभं राहून ते इतकं क्षुल्लक वाटलं की त्यांना आधी खरंच वाटेना. "एवढ्यासाठी?" त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टोपल्या एकेक करून काढल्या, कागद गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

"घरी कायले ठेवू? यायले समजलं आता, पोरीले हेच सांगतीन. जिथं तो लावला होता तिथं हा लावा. अन् लावतानी तोंडानं सांगा. फोटो काढाले लावा, ग्रुपवर टाकाले लावा."

मालकांनी बसथांब्यापर्यंत गाडीवर सोडलं. मी उतरलो तेव्हा म्हणाले, "मी बी बोललो हावो तिले, गंज. नाई नाई ते." आणि गाडी वळवून गेले.

पुढच्या सोमवारी बैठकीच्या आधी मी कागद लावला. ते पुण्याचे साहेब केव्हाच बदलून गेलेत. नवे आले, खुर्च्या भरल्या. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. साहेब म्हणाले, कंत्राट तर कधीच संपलंय, आता यावर कार्यवाही काय करणार? मी म्हणालो, कार्यवाही नको, फोटो काढा. शिपायानं स्वतःचा मोबाइल काढून फोटो काढला आणि तिथंच, माझ्यासमोर, ग्रुपवर टाकला.

बैठक सुरू झाली. माझ्याबद्दल काय ठरेल ते ठरेल. थोड्या वेळानं शेजारचा एक नवा सर्वेक्षक माझ्याकडे झुकला. तो कागदाकडे बघत होता.

"सर, तेल्हाऱ्याच्या ओळीयत मधात हे दोन हप्ते पांढरे कसे काय?"

"तेव्हा त्या गेल्या नव्हत्या," मी म्हणालो. "मुलीला ताप होता."